ब्रिटिश कोलंबिया कॅनडात कसा गेला: माणसे, कलमे आणि जमाखर्च

प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटिश कोलंबिया ही पॅसिफिक किनाऱ्यावरची वसाहत १८७१ मध्ये कॅनडात सामील झाली ती रेल्वे मिळावी म्हणून, असे सगळीकडे वाचायला मिळते. ते कितपत खरे? अमेरिकेत जाण्याची शक्यता खरोखर होती का? आणि या सगळ्यात कोणती माणसे नीट ओळखून घ्यावीत?

रेल्वेची गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. वसाहतीने कॅनडाच्या राजधानीला, ओटावाला, पाठवलेल्या मसुद्यात तीन वर्षांत गाडीरस्ता, रेल्वेमार्गाची पाहणी ताबडतोब आणि पुढे रेल्वेवर दरसाल ठरावीक खर्च, एवढेच मागणे होते. ‘दोन वर्षांत काम सुरू, दहा वर्षांत पूर्ण’ ही मुदत ओटावाच्या वाटाघाटीत आली आणि ती द्यायला कॅनडाच अधिक उत्सुक होता. मागणाऱ्यापेक्षा देणारा पुढे गेला की समजावे, त्याचाही काही हिशेब आहे. इथे दोन्ही बाजूंचा होता. तो समजायला वसाहत कर्जात कशी बुडाली तिथून सुरुवात करावी लागते.

ब्रिटिश सरकारने १८४९ मध्ये व्हँकुव्हर बेट हडसन्स बे कंपनी या व्यापारी कंपनीला वर्षाला सात शिलिंग भाड्याने दिले. मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर दिले होते, त्याच पठडीतला हा व्यवहार. कंपनीचा वरिष्ठ अधिकारी जेम्स डग्लस १८५१ पासून बेटाचा गव्हर्नरही होता. म्हणजे दुकानही त्याचे आणि सरकारही त्याचे. एप्रिल १८५८ मध्ये फ्रेझर नदीच्या सोन्याची बातमी फुटली आणि त्या एका हंगामात पंचवीस-तीस हजार माणसे कॅलिफोर्नियातून येऊन आदळली. एवढ्या अमेरिकन खाणकऱ्यांच्या पाठोपाठ अमेरिकेचा झेंडा येईल, ही भीती खरी होती. म्हणून मुख्य भूमीवर घाईघाईने दुसरी वसाहत काढण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८५८ रोजी फोर्ट लँग्ली इथे तिची घोषणा झाली. तिचे नाव ब्रिटिश कोलंबिया. डग्लसला दोन्हींचे गव्हर्नरपद मिळाले, पण कंपनीशी संबंध तोडण्याच्या अटीवर.

पुढे सोने वर सरकत करिबूच्या डोंगरात गेले. तिथपर्यंत सामान पोचवायला डग्लसने १८६२ पासून येल ते बार्करव्हिल असा सुमारे ६५० किलोमीटरचा, अठरा फूट रुंदीचा रस्ता काढला. कड्यांतून सुरुंग लावून खोदलेला हा रस्ता अभियांत्रिकी म्हणून उत्तमच होता, पण तो उभा राहिला कर्जावर, आणि कर्ज फिटणार होते रस्त्याच्या टोलवर आणि जकातीवर. १८६३ नंतर वरवरचे सोने आटले, माणसे पांगली, टोल घटला. व्याज मात्र होते तेवढेच राहिले. शिवाय दोन वसाहती म्हणजे दोन गव्हर्नर आणि दोन सचिवालये. लंडनने १८६६ मध्ये दोन्ही वसाहती एकत्र केल्या तेव्हा एकूण कर्ज तेरा लाख डॉलरच्या आसपास होते, आणि मूळ रहिवासी सोडले तर लोकसंख्या जेमतेम दहा हजारांच्या घरात.

इथे वाचकांची हमखास गफलत होते. ‘युनियन’ दोन आहेत. १८६६ ची बेट आणि मुख्य भूमीची, १८७१ ची कॅनडाशी. जुन्या वर्तमानपत्रात नुसते ‘युनियन’ दिसले तर आधी तारीख पाहावी. दुसरी गफलत डग्लसची. तो १८६४ मध्येच निवृत्त झाला. १८७१ ला तो बेटावरच्या व्हिक्टोरियात हयात होता, पण विलीनीकरणात त्याचा हात नाही.

१८६६ च्या एकत्रीकरणात बेटाची निवडून आलेली विधानसभा गेली आणि हाती राहिले विधान परिषदेसारखे एक कौन्सिल, ज्यात सरकारी अधिकारी आणि नेमलेले दंडाधिकारी बहुसंख्य. हा तपशील नजरेआड केला तर पुढची पाच वर्षे उलगडत नाहीत. जनतेला काय हवे होते हा एक प्रश्न. कौन्सिलात बसलेल्यांना काय हवे होते हा निराळा. अधिकाऱ्यांची भीती उघड होती: कॅनडात गेलो तर जबाबदार सरकार, म्हणजे निवडून आलेल्या सभेला उत्तर देणारे सरकार, येईल, मग आमच्या नोकऱ्यांचे आणि पेन्शनचे काय?

याच काळात राजधानीचाही वाद पेटला. मुख्य भूमीवरचे न्यू वेस्टमिन्स्टर की बेटावरचे व्हिक्टोरिया? कौन्सिलात न्यू वेस्टमिन्स्टरच्या बाजूने भाषण वाचणाऱ्या कॅप्टन फ्रँकलिनच्या कागदांची पाने शेजारच्या सभासदाने गुपचूप उलटसुलट केली आणि बिचारा तोच तोच परिच्छेद पुन्हा वाचत राहिला, असे सांगतात. खरे-खोटे असो, १८६८ मध्ये राजधानी व्हिक्टोरियाला गेली आणि मुख्य भूमीवरच्या लोकांच्या मनात बेटाबद्दल कायमची अढी बसली.

आता विलीनीकरणाच्या बाजूची माणसे. पहिला ॲमोर द कॉसमॉस. जन्माने विल्यम अलेक्झांडर स्मिथ, नोव्हा स्कोशियाचा. कॅलिफोर्नियात छायाचित्रकार असताना १८५४ मध्ये तिथल्या विधिमंडळाकडून रीतसर नाव बदलून घेतले. डिसेंबर १८५८ मध्ये व्हिक्टोरियात ‘ब्रिटिश कॉलनिस्ट’ हे पत्र काढले आणि पहिल्या अंकापासून डग्लसच्या गोतावळ्यावर तोफ डागली. विक्षिप्त, भांडखोर, पण राजकारणाची नाडी अचूक ओळखणारा माणूस. कॅनडाच्या घटना कायद्याला राणीची संमती मिळाली २९ मार्च १८६७ रोजी, आणि त्याच्या कलम १४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियाला पुढे आत घेण्याची तरतूद होती. द कॉसमॉसने त्याच मार्च महिन्यात कौन्सिलात सामिलीकरणाचा ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला.

पण गव्हर्नर फ्रेडरिक सेमूरने पुढे काही हलू दिले नाही. त्याला ठाम विरोधक म्हणणे जास्त होईल. टाळाटाळ हीच त्याची पद्धत होती. मध्ये रूपर्ट्‌स लँड हा कंपनीचा अफाट प्रदेश अजून कॅनडाकडे आलेला नव्हता, हे निमित्त त्याला आणि लंडनला दोघांनाही पुरले.

म्हणून मे १८६८ मध्ये व्हिक्टोरियात कॉन्फेडरेशन लीग स्थापन झाली आणि १४ सप्टेंबरला येल इथे तिचे अधिवेशन भरले. सव्वीस प्रतिनिधी होते. मागण्या दोन: कॅनडात प्रवेश आणि जबाबदार सरकार. प्रतिनिधींत सॉल्ट स्प्रिंग बेटाच्या वतीने आलेला मिफ्लिन गिब्ज हा कृष्णवर्णीय व्यापारी होता. १८५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वर्णद्वेषी कायद्यांना कंटाळून शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबे व्हिक्टोरियात आली, त्यांतला हा. १८६६ मध्ये तो व्हिक्टोरियाच्या नगरपालिकेवर निवडून आला होता. न्यू वेस्टमिन्स्टरच्या बाजूने ‘ब्रिटिश कोलंबियन’चा संपादक जॉन रॉबसन हा दुसरा बिनीचा शिलेदार, द कॉसमॉसशी त्याचे फारसे जमत नसे, पण या एका मुद्द्यावर दोघांची लेखणी एकाच दिशेने चालली. तरीही १८६९ च्या आरंभी कौन्सिलने सामिलीकरण सध्या नको असाच कौल दिला. अधिकाऱ्यांची मते मोजा, उत्तर मिळते.

अमेरिकेचे काय? अलास्काच्या खरेदीचा करार झाला ३० मार्च १८६७ रोजी, म्हणजे कॅनडाच्या कायद्याला संमती मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. किंमत ७२ लाख डॉलर. आता वसाहतीच्या उत्तरेला अमेरिका, दक्षिणेलाही अमेरिका. व्यापार सॅन फ्रान्सिस्कोशी, बोटी तिकडच्या. बाहेरगावच्या टपालावर वसाहतीच्या तिकिटाशेजारी अमेरिकन तिकीट डकवावे लागे. १८६९ च्या अखेरीस अमेरिकेत विलीन करून घ्या, असा अर्ज अध्यक्ष ग्रँट यांच्याकडे गेला. सह्या शेवटी भरल्या १०४. त्यांत बरेचसे व्हिक्टोरियातले व्यापारी, आणि अनेक मूळचे ब्रिटिश नव्हेत. हा अर्ज पुस्तकांत फार मोठा दिसतो. आर्थिक ओढ खरी होती. राजकीय चळवळ म्हणण्याइतके बळ तिच्यात कधीच नव्हते. एस्क्विमॉल्टला ब्रिटिश आरमाराचा पॅसिफिक तळ होता आणि तो सोडायची लंडनची तयारी नव्हती. अर्जाचा खरा उपयोग निराळाच झाला: ओटावाला घाई आहे हे ओळखून वसाहतीला भाव वाढवता आला.

कोंडी फुटली ती एका मृत्यूने. १० जून १८६९ रोजी किनाऱ्याच्या दौऱ्यावर असताना सेमूर बेला कूला इथे ‘स्पॅरोहॉक’ या युद्धनौकेवर वारला. त्याच्या जागी आला अँथनी मस्ग्रेव्ह, न्यूफाउंडलंडचा माजी गव्हर्नर. तिकडेही त्याने कॅनडात जाण्याचा पाठपुरावा केला होता. तिथे ते जमले नाही, पण कामाची रीत कळली होती. इथली त्याची पद्धत मुद्दाम पायरीने पाहण्यासारखी आहे.

आधी त्याने वसाहतमंत्री ग्रॅन्व्हिल यांचे ऑगस्ट १८६९ चे पत्र छापून प्रसिद्ध केले. लंडनची इच्छा उघड झाली की अधिकाऱ्यांना ‘राजनिष्ठेपोटी विरोध’ असे म्हणता येईना. मग अधिकाऱ्यांच्या पेन्शनची सोय अटींतच घातली. विरोध निम्म्यावर आला. कार्यकारी मंडळात त्याने दोन डॉक्टर घेतले: विरोधक हेल्मकेन आणि समर्थक कॅरॉल. आणि कौन्सिलपुढे ‘जायचे की नाही’ हा प्रश्न न ठेवता ‘कोणत्या अटींवर’ हा प्रश्न ठेवला. अटींवर घासाघीस करणारा माणूस मूळ गोष्ट मान्य करूनच बसलेला असतो. मध्यंतरी घोड्यावरून पडून मस्ग्रेव्हचा पाय मोडला आणि तो अंथरुणाला खिळला, तरी गाडे थांबले नाही. ९ मार्च १८७० रोजी ॲटर्नी जनरल हेन्री क्रीज याने चर्चेला तोंड फोडले.

या चर्चेत वाचावे ते डॉ. जॉन सेबॅस्टियन हेल्मकेन यांचे भाषण. लंडनमध्ये जन्मलेला हा डॉक्टर १८५० मध्ये कंपनीचा सर्जन म्हणून आला, डग्लसचा जावई झाला, बेटाच्या विधानसभेचा सभापती राहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की प्रेमापोटी होणाऱ्या संयोगाची अपेक्षा धरू नका. बांधून ठेवील तो लोकांचा पैशाचा फायदा, आणि कॅनडाबद्दलचे प्रेम झालेच तर पुढे भरभराटीतून, आपल्या मुलांच्या पिढीत. समर्थकांच्या उमाळ्यांपेक्षा या विरोधकाने प्रकरण जास्त अचूक ओळखले होते, असे माझे मत आहे.

मे महिन्यात हेल्मकेन, कॅरॉल आणि जमीन व बांधकाम खात्याचा प्रमुख जोसेफ ट्रच हे तिघे ओटावाला निघाले. कॅनडात जाण्याचा करार करायला त्यांना बोटीने सॅन फ्रान्सिस्को गाठावे लागले आणि तिथून वर्षभरापूर्वी जोडलेल्या अमेरिकन रेल्वेने पूर्वेकडे. पंतप्रधान मॅकडोनाल्ड गंभीर आजारी होते, म्हणून बोलणी केली जॉर्ज-एतियेन कार्तिये यांनी. लक्षात घ्या, १५ जुलै १८७० ला रूपर्ट्‌स लँड कॅनडाच्या ताब्यात येणार होते, त्यासाठी कंपनीला तीन लाख पौंड मोजले होते, आणि त्याच प्रदेशातल्या रेड रिव्हरला तिथल्या रहिवाशांचा लुई रिएलच्या नेतृत्वाखालचा उठाव नुकताच होऊन गेला होता. हा मधला प्रदेश राखायचा तर पलीकडचा किनारा हवाच, आणि किनारा हवा तर रेल्वे हवी. तीच रेल्वे मागून येणार असेल तर गाडीरस्त्यावर पैसे घालणे व्यर्थ.

आता अटींचा जमाखर्च. इथेच खरी गंमत आहे, आणि बहुतेक लिखाण इथेच घसरते. कॅनडाच्या प्रांतांना अनुदान डोईमागे ८० सेंट मिळे, म्हणजे लोकसंख्येवर सगळे अवलंबून. वसाहतीने लोकसंख्या धरली १,२०,०००. प्रत्यक्षात १८७० च्या सुमाराला गोरे, चिनी आणि कृष्णवर्णीय मिळून साधारण साडेदहा हजार. मूळ रहिवासी सरकारी अंदाजाने पंचवीस हजारांहून थोडे अधिक. मग लाखावर आकडा कुठून आला? तर्क असा: इथला माणूस जवळपास सगळे बाहेरून विकत घेतो, म्हणून डोईमागे जकात कॅनडाच्या कित्येक पट भरतो, तेव्हा माणसे मोजू नका, जकात मोजा आणि तिच्यावरून ‘समतुल्य’ लोकसंख्या काढा. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण हा आकडा संसदेत टिकणार नाही हे कार्तियेला दिसत होते. म्हणून कागदावर आला ६०,०००, आणि तुटलेली रक्कम दुसऱ्या वाटेने भरली: रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंची वीस-वीस मैलांपर्यंतची जमीन वसाहतीने द्यायची आणि त्याबदल्यात कॅनडाने वर्षाला १,००,००० डॉलर द्यायचे.

कर्जाचे कलम तर याहून सुरस. कॅनडाने वसाहतीचे सगळे कर्ज अंगावर घेतले. वर असे ठरले की नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक यांचे कर्ज डोईमागे २७.७७ डॉलर धरले आहे. वसाहतीचे त्याहून कमी असेल तर फरकावर पाच टक्के व्याज तिला मिळेल. साठ हजार गुणिले २७.७७ म्हणजे १६,६६,२००. प्रत्यक्ष कर्ज साडेदहा लाखांच्या आसपास. फरक सहा लाखांवर, त्याचे व्याज सालाना तीस हजारांच्या घरात. खरी लोकसंख्या, म्हणजे मूळ रहिवासी धरून सुमारे छत्तीस हजार, घेतली असती तर मर्यादा दहा लाखांच्या आतच येते आणि वसाहत उलटी देणेकरी निघते. एका काल्पनिक आकड्याने कर्जबाजारी वसाहत सावकार झाली.

बेरीज करा: ठोक अनुदान ३५,०००, डोईमागचे ४८,०००, जमिनीचे १,००,०००, व्याजाचे तीस हजार. दोन लाख डॉलरांवर वार्षिक रोख. शिवाय न्यायाधीश, टपाल, जकात, दीपगृहे, तुरुंग यांचा खर्च कॅनडाकडे. सॅन फ्रान्सिस्कोला पंधरवड्याची आणि ऑलिंपियाला आठवड्यातून दोनदा टपालबोट. एस्क्विमॉल्टच्या गोदीसाठी एक लाख पौंडांपर्यंतच्या रकमेवर पाच टक्के व्याजाची दहा वर्षांची हमी. संसदेत सहा खासदार आणि तीन सिनेटर. त्या वेळी क्यूबेकला बारा लाख लोकांमागे ६५ जागा होत्या. त्या मापाने साठ हजारांनाही तीनच यायला हव्यात.

नोव्हेंबर १८७० मध्ये सुधारलेल्या कौन्सिलची निवडणूक झाली. आता निवडून आलेले नऊ आणि नेमलेले सहा. निवडून आलेले सगळे अटींच्या बाजूचे. जानेवारी १८७१ मध्ये कौन्सिलने अटी एकमताने मान्य केल्या. ओटावात विरोधकांनी रेल्वेच्या कलमावर रान उठवले. ते शमवायला सरकारने निराळा ठराव केला की रेल्वे खासगी कंपनी बांधेल, तिला जमीन आणि पैसा मिळेल, पण करांचा बोजा वाढवला जाणार नाही. हा ठराव अटींच्या कागदावर नाही. व्हिक्टोरियातल्या वाचकाला तो दिसत नव्हता आणि पुढची भांडणे त्यातूनच निघाली. लंडनचा हुकूम १६ मे चा, सामिलीकरण २० जुलै १८७१ चे. १ जुलै हा कॅनडाचा दिवस. ब्रिटिश कोलंबियाचा नव्हे. योगायोग म्हणजे १ जुलैला सार्वजनिक सुट्टी देणारे विधेयक १८७९ मध्ये मांडले ते याच कॅरॉलने, सिनेटर झाल्यावर.

अटींतले कलम १३ मूळ रहिवाशांविषयी आहे. त्याबद्दल बहुतेक लेख एक ओळ लिहून पुढे जातात. तसे करू नये. मूळ रहिवासी बहुसंख्य होते. १८६२ च्या देवीच्या साथीत किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली होती, तरीही बहुसंख्य. वाटाघाटीत त्यांचा एकही माणूस नव्हता. कलमात लिहिले की त्यांच्या जमिनींबाबत वसाहतीने आजवर चालवलेले तितकेच ‘उदार’ धोरण कॅनडा चालू ठेवील. हे उदार धोरण म्हणजे काय? डग्लसने बेटावर १८५० ते १८५४ मध्ये चौदा करार तरी केले होते. ट्रचने जमिनीवरचा त्यांचा हक्कच नाकारला, डग्लसने आखलेल्या राखीव जमिनी कापल्या आणि कुटुंबामागे दहा एकर हे माप धरले. गोऱ्या वसाहतकाराला मात्र १६० एकर आणि आतल्या भागात ३२० एकर घेता येत. ओटावाच्या लोकांना या कलमाचा अर्थ उमगला नसावा, कारण १८७३ मध्ये केंद्राने कुटुंबामागे ८० एकर मागितले तेव्हा प्रांताने वीस देऊ केले आणि याच कलमावर बोट ठेवले. अटी लिहून घेणारा ट्रच तोवर प्रांताचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालासारखा, झाला होता. १८६४ मध्ये रस्त्याच्या कामावरील माणसे मारल्याबद्दल फाशी दिलेले चिलकोटिन म्हणजे त्सिल्हकोतीन सरदार २०१८ मध्ये कॅनडा सरकारने निर्दोष ठरवले, आणि त्याच लोकांचा जमिनीवरचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. कलम १३ ने मिटवल्यासारखा दाखवलेला प्रश्न असा दीडशे वर्षे चालला. मतदानातूनही मूळ रहिवासी आणि चिनी यांना प्रांताने १८७० च्या दशकातच वगळले. १९०७ मध्ये हिंदुस्थानी लोकांची भर पडली, ती १९४७ पर्यंत.

रेल्वे दहा वर्षांत झाली नाही. १८७३ मध्ये मॅकडोनाल्डचे सरकार रेल्वे कंपनीकडून घेतलेल्या निवडणूक निधीच्या प्रकरणात पडले. शेवटचा खिळा ठोकला गेला तो ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाची इथे, हजारो चिनी मजुरांच्या श्रमावर. पण त्याआधीचा एक प्रसंग या माणसांची ओळख पक्की करतो. डिसेंबर १८७२ मध्ये द कॉसमॉस प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाला. गोदीसाठी व्याजाच्या हमीऐवजी रोख रक्कम मिळावी म्हणून त्याने अटींत किरकोळ बदल करायचे ठरवले. व्हिक्टोरियात खळबळ माजली: एक कलम सैल केले की रेल्वेचे कलमही सैल होणार. फेब्रुवारी १८७४ मध्ये शेकडोंचा जमाव विधिमंडळात घुसला, सभापतीला कामकाज थांबवावे लागले आणि द कॉसमॉसने काही दिवसांतच पद सोडले. सामिलीकरणासाठी सर्वांत आधी ठराव मांडणारा तो. आणि अटींच्या एका अक्षराला हात लावू देणार नाही म्हणून त्या जमावाच्या पुढे होते डॉ. हेल्मकेन.